चाकोरी

आमच्या गावाच्या डोक्यावर सडा आहे. ज्यांनी सडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. घामाघूम होऊन डोंगर चढून गेलं की वर शिखर लागत नाही, मैदान लागतं. जांभ्या दगडाची सपाट फरशी, मैल-दीड मैल लांब. तिच्यावर माती म्हणाल तर कुठं चार बोटं, कुठं वीतभर, आणि पुष्कळ ठिकाणी तीही नाही. चैत्र-वैशाखात सडा तव्यासारखा तापतो. नवखा माणूस म्हणेल, इथं काय आहे? पण मृगाचे दोन पाऊस पडू द्या. चवर वर येते, मग गेंद, तेरडा, सीतेची आसवं, शेवटी सोनकी. खोलगट जागी डबकी भरतात, त्यांत बेडकं ओरडतात, आणि धनगरवाड्यावरच्या म्हशी तिथं पाण्याला येतात.

या सड्यावर माझ्या लहानपणी दोन रेघा होत्या. बैलगाडीच्या चाकांच्या. आम्ही त्यांना चाकोरी म्हणायचो. म्हातारी माणसं चाकुरी म्हणत. किती पिढ्यांच्या गाड्या तिथनं गेल्या कोण जाणे, पण चाकाच्या लोखंडी धावेनं काही ठिकाणी जांभा दोन-दोन बोटं कापला होता. सड्याच्या पलीकडच्या अंगाला आमची थोडी वरकस जमीन होती. नाचणी, वरी आणि बांधाचं गवत एवढंच तिथलं उत्पन्न. ते घरी आणायचं तर सडा ओलांडूनच आणावं लागे.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना आबांनी, म्हणजे माझ्या आज्यानं, माझ्या हातात पहिल्यांदा कासरा दिला. बैल कसे वळवायचे हे त्यांनी नंतर शिकवलं. पहिला धडा वेगळाच होता.

"चाकुरी सोडायची न्हाई. समोरनं गाडी आली तर जागा बघून तू थांब. पर चाक बाहीर घालू नगंस."

"का?"

"सड्याला कातडं एकच हाय पोरा. फाटलं की पुन्हा येत न्हाई."

गावाचा नियम याहून मोठा होता. मृग लागला की सड्यावर गाडी न्यायची नाही. माणसानं चालत जावं, जनावर न्यावं, डोक्यावर ओझं न्यावं, पण चाक न्यायचं नाही. दसऱ्याला शिलंगण झालं की गावकी बसायची. चार जुनी माणसं सडा हिंडून यायची, जागोजागी टाच रोवून माती बघायची. टाच उमटली नाही की गाड्या सुटायच्या. नियम मोडणाऱ्याला भैरोबाच्या दिव्याला तेल घालावं लागे, आणि त्याहून वाईट म्हणजे वर्षभर लोकांची बोलणी खावी लागत. सवलत एकच होती: अडलेली बाळंतीण किंवा मरणाच्या दारातलं माणूस असेल तर नियम नाही.

हे कुठं लिहिलेलं नव्हतं. पुढं मी चौतीस वर्षं मास्तरकी केली. निरोप समारंभात मुलांना सांगायचो, "चाकोरीबाहेर जा." टाळ्या पडायच्या. घरी येताना आबा आठवायचे. आमच्या गावात ती शिवी होती.

आता थोडं मागं जाऊ. सह्याद्रीच्या घाटवाटांवर चाक तसं उशिरा आलं. लमाणांचे तांडे पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांवरून कोकणातलं मीठ वर आणत आणि देशावरचं धान्य खाली नेत. बैलाच्या खुराला जेवढी जागा लागते तेवढीच वाट. मुंबईचा गव्हर्नर माल्कम यानं बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला केला, तेव्हा ती केवढी नवलाई होती हे आज कळायचं नाही. आमच्या भागात साताऱ्याचं राज्य १८४८ साली खालसा झालं, आणि मग इंग्रजांची मोजणी आली. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी पद्धत सुरू केली, तीच पुढं गावोगाव फिरली.

त्या मोजणीची साखळी ३३ फुटांची. साखळीचे आणे सोळा. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. हे शेतकऱ्याच्या पोराला पाढ्यासारखं पाठ असतं. पण याच साखळीनं वाटाही मोजल्या हे मला फार उशिरा कळलं. जुन्या गावनकाशावर ग्रामीण गाडीमार्ग तुटक दुहेरी रेघेनं काढलेला असतो, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पायमार्ग तुटक एकेरी रेघेनं, रुंदी सव्वाआठ फूट. साडेसोळा म्हणजे अर्धी साखळी, आठ आणे. सव्वाआठ म्हणजे पाव साखळी, चार आणे. कुठल्या वाटेनं चाक जाईल आणि कुठल्या वाटेनं नुसता पाय, याची नोंद त्या दोन रेघांत आहे. आमच्या सड्यावरून नकाशात दुहेरी रेघ गेली आहे. मी ती डोळ्यांनी पाहिली आहे आणि तिच्यावर बोट फिरवलं आहे.

मग तिचं काय झालं?

जंगलाचा पहिला कायदा १८६५ चा. खरा जाच सुरू झाला तो १८७८ च्या कायद्यानं. राखीव, संरक्षित आणि गावचं अशी जंगलाची तीन प्रकारांत वाटणी झाली, आणि राखीव म्हटलं की जे जे स्पष्ट परवानगीनं नाही ते ते गुन्हा, असं होऊन बसलं. गायरानं आणि डोंगरमाथे सरकारी हद्दीत गेल्यावर शेतकऱ्याच्या जनावरांचे काय हाल झाले, ते जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये संतापून मांडलं आहे. पुढचा १९२७ चा भारतीय वन कायदा आजही चालू आहे. त्याचं २५ वं कलम असं, की राखीव जंगलातली सार्वजनिक किंवा खासगी वाट सरकारच्या मंजुरीनं बंद करता येते. मात्र तिच्या बदली सोयीची दुसरी वाट असली पाहिजे. सोयीची आहे की नाही हे कोण ठरवणार? तेही सरकारच. म्हणजे ज्यानं वाट अडवली त्यालाच विचारायचं, पर्यायी वाट बरी आहे का. शेजाऱ्यानं शेताची वाट अडवली तर १९०६ चा मामलेदार न्यायालयाचा कायदा आहे, सहा महिन्यांच्या आत अर्ज केला की तहसीलदार वाट मोकळी करून देतो. राखीव जंगलाच्या वाटेला मात्र तो रस्ता नाही.

आमची वाट कधी बंद झाली हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. कारण कागदात बंद होऊनही ती पायाखाली चालूच होती.

१९६४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. आबा आणि मी गवताची गाडी घेऊन सड्यावरून येत होतो. उतरणीला एक साहेब आणि दोन शिपाई उभे. त्यांची नावंगावं मी देत नाही. तीही माणसं गेली असतील आता.

"गाडी कुठनं आणली?"

"वाटंनं."

"वाट बंद आहे."

"बंद? कवा झाली?"

"कागदात."

आबांनी पेंढ्या उचकटून दाखवल्या, आत लाकडाचं ढलपीसुद्धा नाही. गवत आमच्याच बांधाचं. "साहेब, मी चाकुरीतनं आलोय. एक चाक भायेर दिसलं तर मला फाशी द्या." साहेब हसले. चाकोरीत आलं काय आणि बाहेरून आलं काय, त्यांच्या कागदाला दोन्ही सारखंच होतं. बैल सोडून दिले, गाडी अडकवून ठेवली. एकोणीस दिवसांनी दंड भरून ती सोडवून आणली तेव्हा वरचं गवत भिजून काळं पडलं होतं.

त्या वर्षापासून पलीकडचं गवत आज्जी आणि आई डोक्यावरनं आणू लागल्या. पायवाटेनं, लांबच्या वळशानं. गाडीत एका खेपेला येणारं गवत आणायला दोघींना आठवडा लागायचा. आज्जीची मान पुढं कायमची एका बाजूला कलली, ती तशीच राहिली. 'सोयीची दुसरी वाट' हे शब्द मी जेव्हा कायद्याच्या पुस्तकात वाचले, तेव्हा मला ती मान दिसली.

चाकोरीवर तीन-चार पावसाळ्यांत गवत आलं. दगडात कापलेला भाग तेवढा उरला.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आमच्या गावात निम्मी घरं बसली. खालच्या रस्त्यावर दरडी आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी सड्याच्या बाजूनं घरघर ऐकू आली. धान्य आणि तंबू घेऊन दोन जीपगाड्या येत होत्या. धरणाच्या कामावर अशा जीपा होत्या, आम्ही लांबून पाहिल्या होत्या. सड्यावर मात्र इंजिनाचं चाक त्या दिवशी पहिल्यांदा आलं. कुणी परवाना विचारला नाही. आबा धावत वर गेले आणि ड्रायव्हरला थांबवून म्हणाले, "माझ्या मागनं या." मग हा म्हातारा जीपच्या पुढं चालत, गवत पायानं बाजूला करत चाकोरी दाखवत होता. पण जीपची चाकं आमच्या गाडीच्या मानानं जवळ जवळ. दोन्ही एकदम चाकोरीत बसेनात. एक चाक चाकोरीत, दुसरं मधल्या गवतावर. आबा सारखे मागं वळून त्या दुसऱ्या चाकाकडं बघत होते. घर पडलं होतं, गोठा पडला होता, आणि आबांचं लक्ष त्या चाकावर.

पुढचा काळ भराभर गेला. १९७२ चा वन्यजीव कायदा, १९८० चा वनसंवर्धन कायदा, १९८५ साली कोयना अभयारण्य, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. २०१२ साली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी यांची नावं जागतिक वारशाच्या यादीत गेली. अभयारण्याचा नियम असा, की आत ज्याची स्थावर मिळकतीवर काही हक्क आहे तो आणि सार्वजनिक हमरस्त्यानं जाणारा, अशा काहींना सोडून बाकी सगळ्यांना परवाना लागतो. आमचा सडा अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहिला. त्यातला काही भाग राखीव जंगल, काही गावचं गायरान. दगडावर रेघ ओढलेली नाही, त्यामुळं कुठं काय संपतं हे आम्हालाच ठाऊक.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी पाटण भागात वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या आल्या. त्यांची अजस्र पाती वर न्यायला रुंद रस्ते लागले. असे रस्ते आसपासच्या डोंगरांवरही चढले. ज्या डोंगरावर आज्जी डोक्यावर पेंढी घेऊन चढत होती, तिथं शहरातली मोटार दुसऱ्या गिअरवर चढू लागली. आधी लोक फुलं बघायला आले. मग फुलांकडं न बघणारे आले. उंच गाड्या, रुंद दातेरी टायर, चारही चाकांना ताकद. यांना रस्ता नकोच असतो. ऐन श्रावणात, माती लोण्यासारखी झालेली असताना, ते सड्यावर गाडी गोल गोल फिरवतात, चिखल उडवतात आणि त्याचा व्हिडिओ काढतात. त्यांच्या शर्टावर इंग्रजीत लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ साधारण 'चाकोरीबाहेर' असाच.

त्यांना नावं ठेवून मी मोकळा झालो असतो, पण ते खरं होणार नाही. माझा पुतण्या त्यांच्यावरच दोन पैसे कमावू लागला. गाडी रुतली की ट्रॅक्टर नेऊन ओढून काढायची. पुढं त्यानं स्वतः जुनी जीप घेतली आणि पाहुण्यांना फिरवू लागला. एकदा भादव्यात मला म्हणाला, "अण्णा, बसा की पुढं." मी बसलो. पंचावन्न वर्षांपूर्वी ज्या वाटेवर आमची गाडी अडवली होती तिथनं, कुणी न अडवता, मी धुक्यात वाऱ्यासारखा गेलो. खोटं कशाला बोलू, मजा आली. लहान पोरासारखा हसलो मी. चाकं कुठं पडतायत हे मी एकदाही खाली वाकून बघितलं नाही.

ते बघितलं कार्तिकात. सड्याच्या दक्षिणेला म्हशींचं मोठं डबकं आहे. सगळ्या डबक्यांत याचं पाणी जास्त टिकायचं, पौष लागेपर्यंत. त्या वर्षी दिवाळीलाच ते कोरडं. धनगरवाड्यावरच्या म्हातारीनं मला हाताला धरून नेलं आणि दाखवलं. डबक्याच्या कडेला मातीचा आणि गवताचा एक उंचवटा होता, तोच त्याचा बांध. त्यावरून चाकांच्या दोन खोल रेघा उताराकडं गेल्या होत्या. पाणी त्या रेघांत शिरलं आणि जाताना माती घेऊन गेलं. खाली नुसता दगड उघडा. म्हातारी म्हणाली, "मास्तर, तुझ्या आज्यानं असं केलं नसतं." रेघा कुणाच्या गाडीच्या होत्या, पुतण्याच्या की पाहुण्यांच्या, हे सांगता येणार नाही. मी मान खाली घातली.

धाकटी लेक अमेरिकेत, कोलोराडोत असते. तिला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "बाबा, इथंही हेच भांडण आहे." तिनं सांगितलं ते मग मी वाचून काढलं. तिथं डोंगर आणि वाळवंट मिळून अफाट जमीन सरकारी. १९७२ साली, आपला वन्यजीव कायदा झाला त्याच वर्षी, अध्यक्ष निक्सन यांनी फर्मान काढलं, की सरकारी जमिनीवर असल्या गाड्या कुठं चालतील आणि कुठं नाही हे ठरवून द्या. १९७७ साली अध्यक्ष कार्टर यांनी भर घातली, की नुकसान होताना दिसलं तर ती वाट ताबडतोब बंद करा. तरी 'जिथं बंदीची पाटी नाही तिथं चालतं' असंच पुष्कळ ठिकाणी राहिलं. शेवटी २००५ साली त्यांच्या वन खात्यानं नियम उलटा केला: नकाशावर जी वाट दाखवली आहे, तीवरच गाडी. कुठली गाडी आणि वर्षाच्या कुठल्या महिन्यांत, तेही त्यातच. नकाशा फुकट मिळतो. 'पाटी दिसली नाही' ही सबब चालत नाही. ते वाचताना मला आमची तुटक दुहेरी रेघ आठवली, आणि टाच रोवणारी चार माणसंही. एवढ्या मोठ्या देशाला फिरून फिरून चाकोरीवरच यावं लागलं.

मागच्या वर्षी ग्रामसभेत हा विषय निघाला. एक जण म्हणाला, सरसकट गाड्या बंद करा. त्यावर धनगरवाड्यावरचा पोरगा उठला. "आमची बाळंतीण काय पुन्हा झोळीतनं न्यायची?" बरोबर होतं त्याचं. धनगरवाड्याला आजही धड रस्ता नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात तशी सोय आहे. ग्रामसभेनं शिफारस केली तर गावाच्या रस्त्यासाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन मिळू शकते, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत या अटीवर. तो अर्ज केला आहे, कागद फिरतो आहे. दुसरा म्हणाला, पावती फाडा, पैसे घ्या आणि सोडा. पुतण्यानं मान डोलावली. त्यावर धनगरवाड्यावरची तीच म्हातारी बसल्या जागेवरून बोलली, "पावती फाडल्यावर डबक्यात पाणी ऱ्हातं का?" सभा हसली, पुतण्या हसला नाही.

मी उभा राहिलो आणि आबांचा नियम सांगितला. नवं काही नव्हतं. मृगापासून दसऱ्यापर्यंत चाक बंद. दसऱ्यानंतर गाडी चालेल, पण जुन्या चाकोरीनंच. बैलगाडी असो, ट्रॅक्टर असो नाहीतर पंधरा लाखांची जीप असो. आजाऱ्याला आणि बाळंतिणीला बारा महिने मोकळीक. आणि हे सांगताना मी हेही सांगितलं, की गेल्या भादव्यात मी स्वतः जीपमध्ये बसून गेलो होतो, तर भैरोबाच्या दिव्याला तेल माझ्याकडून. ठराव झाला. आमचा ठराव गायरानापुरताच, हे सगळ्यांना माहीत होतं; पलीकडं राखीव जंगल, तिथं सरकारचा कायदा आणि सरकारचा पहारा. पण सड्यावर चढायची वाट गायरानातूनच जाते, त्यामुळं दार आमच्याकडं आहे.

वाटेच्या तोंडाशी जांभ्याचे मोठे चिरे लावले. त्यातला मधला एक चिरा पहार घातली की दोन माणसांना सरकवता येतो, रुग्णवाहिकेसाठी. तो पुतण्यानंच त्याच्या ट्रॅक्टरनं आणून टाकला. चिरे लावून झाल्यावर माझ्याशी चार महिने नीट बोलला नाही. श्रावणातली त्याची कमाई गेली, ती मी कुठून भरून देणार? आता तो पाहुण्यांना सड्याच्या तोंडाशी उतरवतो आणि पायी नेतो. पैसे पूर्वीपेक्षा कमी मिळतात. काही जण चिरे बघून शिव्या देऊन परत जातात. एका रात्री कुणीतरी मधला चिरा ढकलून आत जाऊन आलंच. सकाळी आम्ही तो पुन्हा जागेवर बसवला. डबक्याच्या कडेला दगड-मातीचा बांध घातला आहे. तो पाणी धरेल की नाही हे दोन-तीन पावसाळ्यांनी कळेल.

यंदा शिलंगण झाल्यावर आम्ही चौघं सड्यावर गेलो. जुनी माणसं म्हणून आता आम्हीच. पुतण्या मागं मागं आला होता, पाहुण्यांची तारीख ठरवायची होती त्याला. चाकोरी जिथं दगडातून मातीत उतरते तिथं मी वहाण काढली आणि टाच रोवली. टाच उमटली, आणि तिच्यात हळूहळू पाणी आलं.

पुतण्यानं वाकून बघितलं. म्हणाला, "अजून आठ दिवस."